उभी असताना ठीक, निघाली की कॉम्प्युटर बंद: ड्रायव्हरलेस गाडीतला नेहमीचा बिघाड

स्पर्धेसाठी ड्रायव्हरलेस गाडी बांधणारी कॉलेजची पोरं माझ्याकडे येतात ती जवळजवळ नेहमी एकच तक्रार घेऊन. वर्कशॉपमध्ये बसलं की लायडार (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर) दिसतो, कॅमेरा दिसतो, ट्रॅकच्या कडेचे प्लॅस्टिकचे शंकू ओळखले जातात, स्टिअरिंग वळतं. गाडी मैदानावर नेली, जरा वेग घेतला, की कॉम्प्युटर बसतो. मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पॅनेल वायरिंगचं काम करतो, न्यूरल नेटवर्क (चित्रं ओळखणारं सॉफ्टवेअर) हा माझा प्रांत नाही. पण हा बिघाड बहुतेक वेळा न्यूरल नेटवर्कचा नसतोच. तो वायरीत असतो आणि पोरं आठ-आठ दिवस कोड उकरत बसतात.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढचं वाचा:

- गाडी उभी असताना तासभर काही होत नाही. मोटर किंवा इंजिन चालू झालं की थोड्याच वेळात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.
- गाडी जागेवरच आहे, पण स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकाला फिरवलं की स्क्रीन काळी.
- कॉम्प्युटर चालूच राहतो, फक्त कॅमेरा किंवा लायडार मधेच गायब होतो आणि काही सेकंदांनी आपोआप परत येतो.
- स्टिअरिंगला दिलेली आज्ञा पोचत नाही, कॅनवर (गाडीतली मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींच्या लाइनवर) एररचा आकडा चढत जातो.
- खड्डा किंवा स्पीड ब्रेकर आला की हमखास होतं.
- कुणाला दाखवायला आणली की अजिबात होत नाही.

स्पर्धेत हे महागात पडतं. फॉर्म्युला स्टुडंट जर्मनी या विद्यार्थ्यांच्या रेस गाड्यांच्या स्पर्धेत २०१७ पासून ड्रायव्हरलेस गट आहे. तिथल्या नियमांनुसार स्वयंचलित यंत्रणेत बिघाड आढळला की शटडाउन सर्किट उघडतं (म्हणजे गाडी चालवणारी वीज तुटते), आपत्कालीन ब्रेक लागतो आणि गाडीवरचा दिवा निळा लुकलुकायला लागतो. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा लूज कॉन्टॅक्ट आणि तुमची फेरी संपली. परीक्षकांना तुमचा कोड किती सुंदर आहे हे बघायची संधीच मिळत नाही.

हात लावण्याआधी

चालवायची चाकं जमिनीपासून वर, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर ठेवून कुणी खाली वाकायचं नाही. इमर्जन्सी स्टॉपचा रिमोट एकाच्या हातात आणि त्या माणसाला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, मोबाइल तर नाहीच. कॉम्प्युटर रीस्टार्ट होताना स्टिअरिंगची मोटर एकदम कुठल्याही बाजूला झटका देऊ शकते. त्यामुळे टाय रॉडच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) आसपास बोटं नकोत.

फुकटची तपासणी: नक्की काय बंद पडलं?

पोरं म्हणतात "सिस्टीम हँग झाली". या वाक्यातून काही कळत नाही. कॉम्प्युटरची वीज गेली, की तो चालू होता आणि एखादा सेन्सर सुटला? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींचे रस्ते इथेच फुटतात.

बिघाड झाल्या झाल्या कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर अपटाइम, म्हणजे तो चालू होऊन किती वेळ झाला ते, बघा. एक-दोन मिनिटांचा आकडा आला तर कॉम्प्युटर नव्यानं चालू झालाय. मग मागच्या बूटचा लॉग उघडा. (जुने लॉग जपून ठेवायची सोय आधीच चालू करून ठेवा, बऱ्याच वेळा ती बंद असते.) लॉग वाक्याच्या मधेच तुटल्यासारखा संपत असेल तर वीज गेली. नीट शटडाउनच्या ओळी दिसत असतील तर तापमान किंवा एखादा प्रोग्रॅम कारणीभूत आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या बंद डब्यात कॉम्प्युटर कोंबलाय आणि वर ऊन आहे, तर वायरिंग सोडा, आधी डब्याला पंखा लावा.

अपटाइम तासाचा आहे आणि फक्त कॅमेरा गेला, तर कर्नेलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) लॉग बघा. यूएसबी सुटल्याची किंवा इथरनेटची लिंक गेल्याची ओळ तिथे वेळेसकट असते. ती वेळ लिहून ठेवा. गाडी कुठे होती, वळत होती का, ब्रेक लागला होता का, हेही शेजारी लिहा. अशा नोंदी जमल्या की निम्म्या वेळा उत्तर कागदावरच दिसतं: प्रत्येक वेळी डावं वळण, किंवा प्रत्येक वेळी स्टिअरिंग शेवटच्या टोकाला.

हलवून बघणं

याला पैसा लागत नाही आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडतात. कॉम्प्युटर आणि सगळे सेन्सर चालू ठेवा, ड्राइव्ह (चाकं फिरवणारी यंत्रणा) बंद. एकानं स्क्रीनकडे बघत बसायचं. दुसऱ्यानं एक-एक कपलर दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली, डावीकडे-उजवीकडे करायचा. एका वेळी एकच. घाई केली की कुठल्या हालचालीनं बंद पडलं ते कळत नाही.

पहिला संशयित म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवरची गोल पिन. टेबलावर ठेवायच्या वस्तूसाठी ती केलेली असते, आतली पत्ती नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर टेकते. गाडीच्या कंपनात ती क्षणभर सुटते आणि तेवढं पुरतं. ती वायर पिनेपासून चार बोटांवर डब्याला घट्ट बांधा, म्हणजे ओढ पिनेवर येणार नाही. बोर्डवर स्क्रूचं टर्मिनल असेल तर तेच वापरा. दुसरा संशयित यूएसबी. कॅमेऱ्याला स्क्रूनं आवळायची केबल मिळते, तीच घ्या. तिसरा म्हणजे प्रयोगशाळेतल्या जंपर वायरी. या चालत्या गाडीत असूच नयेत. दिसल्या की काढा, त्यावर चर्चा नको.

डाग दिलेले (सोल्डर केलेले) जोडही बघा. पोरांना वाटतं डाग म्हणजे पक्कं काम. पण डाग वायरीच्या तारांमध्ये आत चढतो, तिथली वायर कडक होते, आणि कडक भाग जिथे संपतो नेमक्या त्या रेषेवर कंपनानं तारा एक-एक करून तुटतात. बाहेरून इन्सुलेशन शाबूत दिसतं. गाडीत लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) आणि टर्मिनल पंच करूनच, म्हणजे दाबून, बसवावेत, तेही योग्य पंचिंग प्लायरनं. पकडीनं चेपलेला लग ओढून बघा, हातात येतो.

हे मनावर घेत नसाल तर एक खरी गोष्ट. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेनं भरवलेल्या ड्रायव्हरलेस गाड्यांच्या शर्यतीत, २००५ च्या ग्रँड चॅलेंजमध्ये, २० लाख डॉलरचं बक्षीस होतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'हायलँडर' गाडी पुढे होती, पण वाटेत तिच्या इंजिनाचा जोर मधेच कमी व्हायला लागला. स्टॅनफर्डची 'स्टॅनली' पुढे निघाली आणि जिंकली. हायलँडर तिच्यापेक्षा सुमारे २० मिनिटं जास्त घेऊन तिसरी आली. इंजिन का दमतंय हे तेव्हा कुणालाच सापडलं नाही. सापडलं ते २०१७ मध्ये, जुनी मंडळी त्या गाडीभोवती जमली असताना. एकाचा गुडघा इंजिन कंट्रोल मॉड्यूल आणि इंजेक्टर यांच्यामधल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक फिल्टरला टेकला आणि इंजिन बसलं. शर्यतीआधी ती गाडी एकदा उलटली होती, बहुधा तेव्हाच तो फिल्टर दुखावला असावा. जगातल्या नामांकित रोबोटिक्स विभागाला बारा वर्षं जे कळलं नाही, ते गुडघ्याच्या दाबानं कळलं. म्हणून हलवून बघा.

बॅटरी, पण लोडखाली

"बॅटरी फुल आहे, १२.६ दाखवते." उभ्या गाडीवरचा हा आकडा अर्धवट आहे. लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ असली तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पण जुनी झालेली बॅटरीही विश्रांतीत १२.६ दाखवते आणि स्टिअरिंगच्या मोटरनं ओढ घेतली की धाडकन खाली येते. त्यामुळे मीटर लावून ठेवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवायला सांगा, चाकं जमिनीवर असताना. (एवढ्यापुरती गाडी खाली घ्या, ड्राइव्हचा फ्यूज काढून.) उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना टायर जमिनीवर घासतो आणि मोटर सगळ्यात जास्त करंट घेते. लक्षणांतल्या दुसऱ्या ओळीचं कारण हेच.

मीटरला मिन-मॅक्सचं बटण असेल तर ते वापरा. साधा मीटर सरासरी दाखवतो, क्षणभराची घसरण त्याला दिसतच नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर व्होल्टेजवरून चार्ज ओळखायच्या फंदात पडू नका, तिचा आकडा बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो. तिथे वेगळी गंमत असते: करंट मर्यादेपलीकडे गेला की आतला बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) सगळंच तोडतो. मग कॉम्प्युटरच नाही, दिवे, रिले, सगळं एकदम मरतं. असं झालं तर कॉम्प्युटरकडे बघूच नका.

उसनी बॅटरी: सगळ्यात निर्णायक चाचणी

कुणाच्या तरी यूपीएसमधली किंवा मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी तासभर मागून आणा. मधे योग्य फ्यूज टाकून फक्त कॉम्प्युटर आणि सेन्सर त्या बॅटरीवर चालवा. स्टिअरिंग, ब्रेकचा ॲक्च्युएटर (ब्रेक दाबणारी यंत्रणा), पंखे मूळ बॅटरीवरच राहू देत. दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एका जागी जोडा. ते विसरलात तर कॅनच्या सिग्नलला आधारच राहत नाही आणि नवाच बिघाड तयार होतो.

आता गाडी चालवून बघा. बिघाड गेला तर दोष वीजपुरवठ्यात आहे, पुढचे दोन भाग तुमच्यासाठी. राहिला तर थेट कॅनवर जा. कोड उघडण्याआधी ही चाचणी केली नसेल तर मी फोनवर पुढचं बोलतच नाही.

अर्थिंग आणि पावडर कोटिंग

स्पर्धा जवळ आली की चासी पावडर कोटिंगला जाते. चकाचक होऊन परत येते, पोरं फोटो काढतात, आणि महिनाभर गेलेला बिघाड पुन्हा हजर. कारण अर्थिंगचा बोल्ट जिथे बसतो तिथेही कोटिंग चढलेलं असतं. ते वीज वाहत नाही. बोल्टच्या आट्यांतून थोडाफार संपर्क होतो, त्यावर मीटरची बीप वाजते आणि सगळे समाधानी होतात. पण बीप वाजायला एक तार पुरते, पन्नास अँपिअर वाहायला पुरत नाही.

बोल्ट काढा. लगाच्या मापाएवढी जागा पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा. दातेरी वॉशर टाका, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून मग आवळायचं नाही.

मग मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं कॉम्प्युटरच्या निगेटिव्हवर, आणि स्टिअरिंग फिरवा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. तसंच पॉझिटिव्ह बाजूला फ्यूजच्या आधी आणि नंतर, रिलेच्या आधी आणि नंतर. जिथे उडी दिसेल तिथे दोष.

वायरची जाडीही इथेच कळते. अडीच स्क्वेअरच्या (अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ७ मिलिओहम रोध असतो. दोन मीटर जाणं, दोन मीटर येणं, म्हणजे २८. त्यातून स्टिअरिंगच्या मोटरनं ५० अँपिअर ओढले की १.४ व्होल्ट वायरीतच गेले. त्याच वायरीवर पुढे कॉम्प्युटर जोडला असेल तर त्याच्या वाट्याला उरलेलं येतं. १६ स्क्वेअर वापरली तर हीच घट ०.२ च्या आसपास राहते. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मोटर आणि कॉम्प्युटर यांची वायर बॅटरीपासूनच वेगळी निघाली पाहिजे, पॉझिटिव्हही आणि निगेटिव्हही. एकाच नळावर धुण्याची मोटर आणि प्यायचं पाणी ठेवलं की काय होतं, ते घरात बघितलंच असेल.

आपल्या भागातली एक खास गोष्ट. स्टिअरिंगची मोटर आणि तिची वायरिंग बहुतेक टीम भंगारातून घेतात, आणि त्यात गैर काही नाही. पण २०१९ आणि २०२१ ला सांगलीत कृष्णेच्या पुरात किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलंय. बुडालेली गाडी शेवटी भंगारात जाते आणि तिचे भाग तिथून फिरत राहतात. कपलर उघडून पिनांवर हिरवट थर दिसतो का बघा. दिसला नाही तरी वायरीचं इन्सुलेशन बोटभर सोलून आतलं तांबं बघा. लखलखीत असलं पाहिजे. काळं पडलेलं असेल तर पाणी तारांतून आत शिरलंय, आणि ते किती लांब गेलंय ते बाहेरून सांगता येत नाही. पिना साफ करून हे सुटत नाही, ती वायर पूर्ण बदला. खात्री करायची असेल तर त्या वायरीवर हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावा. पाच अँपिअरला बल्ब मंद दिसला, तर पन्नासला काय होईल?

कन्व्हर्टर

१२ व्होल्टच्या बॅटरीतून "स्थिर १२ व्होल्ट" काढायला पोरं स्वस्त बक मॉड्यूल लावतात. बक कन्व्हर्टर व्होल्टेज फक्त कमी करू शकतो. एलएम२५९६ सारख्या चिपला स्वतःसाठीच सव्वा ते दीड व्होल्ट लागतो, आणि तिची मर्यादा ३ अँपिअरची. बॅटरी ११ वर आली की बाहेर साडेनऊ. तिथे बक-बूस्ट प्रकारचाच लागतो, आणि तोही सगळ्या सेन्सरच्या वॅटची बेरीज करून दीडपट क्षमतेचा. बेरीज करताना राउटर आणि यूएसबी हब विसरले जातात.

कॉम्प्युटर थेट ९ ते २० व्होल्ट घेणारा असेल, आणि एनव्हिडियाच्या जेटसन कॉम्प्युटर बोर्डचे बरेच डेव्हलपर किट तसे असतात, तर प्रश्न बराच सोपा होतो. मोठा कपॅसिटर लावून वेळ मारून नेणारेही बघितलेत. त्यानं बिघाड लपतो आणि स्पर्धेच्या दिवशी वर येतो.

कॅन

गाडीची वीज पूर्ण बंद करा, मेन स्विच काढा. कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यात ओहम मोजा. ६० च्या आसपास यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० चे रेझिस्टर समांतर असतात. १२० आले तर एक टोक सुटलंय. ४० आले तर कुणीतरी तिसरा लावलाय. बाजारातल्या बऱ्याच मॉड्यूलवर तो आधीच बसवलेला असतो, हे कुणी बघत नाही. टोकं बरोबर नसली की सिग्नल परतून येतो आणि संदेश बिघडतात. एखाद्या नोडचा (कॅनला जोडलेल्या मॉड्यूलचा) एररचा आकडा २५५ च्या पुढे गेला की तो स्वतःहून बसवरून, म्हणजे त्या सामाईक लाइनवरून, बाहेर पडतो. "स्टिअरिंग ऐकत नाही" ते यामुळे.

जोडी पिळलेलीच हवी, आणि मोटरच्या जाड केबलसोबत एकाच टायमध्ये बांधलेली नको. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. एक मेगाबिट वेगावर मुख्य लाइनवरून काढलेला फाटा ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा.

रिलेचे झटके

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं आणि तरी बिघाड आहे, तर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लागणार. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) असतो, सरांची परवानगी काढा. प्रोब कॉम्प्युटरच्या पॉवर इनपुटवर, सिंगल ट्रिगर, खाली येणारी कड, १० व्होल्टवर. मग गाडी चालवा. तो एक झटका पडद्यावर गोठून राहतो. वर जाणाऱ्या कडेवरही एकदा बघा. रिले किंवा काँटॅक्टर बंद होताना त्याची कॉइल उलटा झटका मारते. कॉइलला डायोड लावला नसेल तर तो झटका शंभर व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावरच कॉम्प्युटर मरत असेल तर नव्वद टक्के हेच. डायोड पाच रुपयांचा असतो. फक्त उलटा-सुलटा नीट बघून लावा.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर स्वतः काही करू नका.

लिथियम बॅटरी फुगली, गरम लागली, गोडसर वास आला: मेन स्विच काढा, गाडी उघड्यावर ढकला, माणसं लांब. चार्ज करून "बघू" नका. पॅक विकणाऱ्याला किंवा बॅटरीचं काम करणाऱ्या माणसालाच बोलवा.

तोच फ्यूज दुसऱ्यांदा उडाला: मोठा फ्यूज टाकायचा नाही. वायर कुठेतरी चासीला घासतेय. सापडत नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी न्या. सांगलीत शंभर फुटी रोडला असे लोक मिळतात, आणि टेस्ट लॅम्प घेऊन ते जे तासात करतात ते तुम्हाला रात्रभरात होणार नाही.

ड्राइव्हचा पॅक ६० व्होल्टच्या वर असेल: फॉर्म्युला स्टुडंटमध्ये ही मर्यादा ओलांडली की हाय व्होल्टेज धरतात आणि गाडी ६०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते. हाय व्होल्टेजच्या केशरी केबलच्या पलीकडे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती, इन्सुलेटेड हातमोजे आणि फॅकल्टी ॲडव्हायझर हजर असल्याशिवाय हात नको. रात्री अकराला तर मुळीच नको.

मूळ गाडी शोरूमची असेल आणि वाटेत पिवळे कपलर आले: ते एअरबॅगचे असतात. त्यावर मीटरही लावू नका. ब्रेक आणि एबीएसच्या मूळ वायरिंगला जोड मारायचा असेल तर त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या टेक्निशियनला विचारूनच.

कुणाला बोलवायचं ठरलं तर वायरिंगचा हातानं काढलेला नकाशा, फ्यूजची यादी आणि बिघाडाच्या वेळांचा तो कागद तयार ठेवा. "सॉफ्टवेअरचा काहीतरी इश्यू आहे" असं सांगू नका, ऐकणारा तिथेच हात झटकतो. आणि तो येणार म्हणून आदल्या रात्री सगळे कपलर काढून पुन्हा बसवू नका, बॅटरी भरून ठेवू नका. मग बिघाड दिसत नाही, तो चहा पिऊन परत जातो, आणि शनिवारी मैदानावर पुन्हा तेच.